अर्धा दगडात, अर्धा बाहेर

मिरजेच्या भोवतालच्या कातळात ब्रॅकिओपॉडचा जीवाश्म सापडणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दंडोबाच्या डोंगरावर चढा, उन्हाळ्यात कृष्णेच्या पात्रात उघडे पडणारे खडक पाहा, नाहीतर एखाद्या खडीच्या खाणीच्या काठावर उभे राहा. सगळीकडे एकच दगड: काळा बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर पसरले, आणि त्यातून दख्खनचं पठार उभं राहिलं. ब्रॅकिओपॉड हा समुद्राच्या तळाशी राहणारा, दोन झडपांचं कवच असलेला प्राणी. त्याचं कवच गाळात गाडलं जातं, गाळाचा खडक होतो, आणि कवच त्यात टिकतं. जमिनीवर पसरलेल्या तप्त लाव्ह्यात ते टिकण्याचा प्रश्नच येत नाही.

पण मग त्या लाव्ह्याच्या खाली काय आहे? बेसॉल्ट पसरण्याआधी इथं समुद्र असेल, त्याचा गाळ खाली दबलेला असेल, असं कुणालाही वाटेल. या प्रश्नाचं उत्तर सातारा जिल्ह्यानं दिलं आहे. कोयना परिसरातल्या भूकंपांच्या अभ्यासासाठी पाटण तालुक्यात खोल विवरं घेतली गेली. त्या कामासाठी कराडला केंद्र सरकारची एक खास प्रयोगशाळाच उभी राहिली. कोयनानगरजवळच्या रासाटीचं विवर दीड किलोमीटरच्या खाली गेलं. त्यात ९३३ मीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट आणि नीस जातीचा, पृथ्वीच्या अतिप्राचीन कवचाचा खडक. मधे वाळूचा थर नाही, चुनखडकाचा नाही, शिंपल्यांचा तर नाहीच. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भूकंपानंतर जे विवर घेतलं, त्यात ३३८ मीटर बेसॉल्टखाली गाळाचा थर मिळाला, पण तो जेमतेम ८ मीटरचा.

दक्षिणेकडेही निराशाच. मिरजेहून बेळगावच्या गाडीत बसलं की कुडची, रायबाग, चिकोडी रोड करत गाडी घटप्रभेला पोहोचते. या वाटेवर कुठंतरी काळा बेसॉल्ट संपतो आणि वेगळाच, वाळूपासून बनलेला टणक खडक सुरू होतो. गोकाकचा धबधबा त्याच खडकाच्या कड्यावरून कोसळतो. पुढं बागलकोटकडे चुनखडकही आहे. समुद्राचा गाळ, चुनखडक, सगळं जुळून येतं. पण हे खडक फार जुने आहेत. त्यातल्या चुनखडकाचं वय शंभर कोटी वर्षांच्या पलीकडचं. ब्रॅकिओपॉड पृथ्वीवर आले ते कॅम्ब्रियन काळात, म्हणजे साधारण बावन्न-त्रेपन्न कोटी वर्षांपूर्वी. बागलकोटच्या चुनखडकात सूक्ष्मजीवांनी रचलेले लहरीदार थर दिसतात, कवचं दिसत नाहीत, कारण कवच असलेला प्राणी तेव्हा जन्मालाच आलेला नव्हता.

म्हणजे मिरजेच्या पायाखालचा दगड या प्राण्यासाठी चुकीच्या जातीचा, आणि शेजारचा दगड चुकीच्या वयाचा. ही सगळी माहिती नकारात्मक वाटेल. पण दगडात अर्धवट रुतलेलं एखादं कवच समोर आलं की ओळख पटवण्याची सुरुवात इथूनच होते. आधी खडक ओळखायचा, मग त्यातला प्राणी. खडक कोणत्या जातीचा, कुठला आणि किती जुना हे कळलं की निम्म्या शक्यता आपोआप गळून पडतात.

महाराष्ट्रात जीवाश्म नाहीत असं मात्र नाही. नागपूरजवळच्या टाकळीला रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात गोगलगाई मिळाल्या. मुंबईत वरळीच्या अशाच गाळात बेडकांचे सांगाडे मिळाले. गडचिरोलीतल्या सिरोंचा भागात प्राचीन मासे, डायनोसॉर आणि झाडांची दगड झालेली खोडं आहेत. हे सगळे ठेवे मौल्यवान आहेत, पण ते नदीतले, तळ्यातले, जमिनीवरचे. ब्रॅकिओपॉड गोड्या पाण्यात राहत नाही. टाकळीच्या गाळात कवच दिसलं तर ते गोगलगाईचं किंवा नदीतल्या शिंपल्याचं असेल. ब्रॅकिओपॉडचा विचारही करायला नको.

तरीही मिरजेच्या माणसाला हा जीवाश्म भेटण्याची शक्यता आहे, आणि ती चांगलीच आहे. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या सहली कच्छला जातात. कुणी हिमालयातल्या स्पितीत फिरायला जातं आणि खिशात एक दगड घालून आणतं. आणि तिसरी वाट म्हणजे घराच्या बांधकामाची. आपल्याकडे शहाबादी फरशी घरोघरी असते. ती कलबुर्गी जिल्ह्यातल्या चुनखडकाची. पण तोही खडक ब्रॅकिओपॉडच्या आधीचा, म्हणून त्यात कवच शोधू नये. कोटा फरशीचंही तेच. संगमरवर म्हणजे उष्णतेनं आणि दाबानं पार बदलून गेलेला चुनखडक. त्यात मूळ कवचं असली तरी पुसली जातात. मात्र जैसलमेरचा पिवळा दगड निराळा. तो ज्युरासिक काळातल्या समुद्राच्या गाळातून तयार झाला. त्याच जिल्ह्यातल्या हाबूरचा दगड तर कवचांच्या तुकड्यांनी गच्च भरलेला असतो. अशा दगडाचा ओटा, टेबलाचा माथा किंवा भिंतीची लादी नीट पाहिली की पांढरे वक्र, अर्धगोल, जाड-बारीक रेषा दिसू लागतात. ती नक्षी नव्हे, ती कापली गेलेली कवचं आहेत.

आता समजा, हातात एक दगड आहे. चुनखडकाचा, मळकट पिवळा, आणि त्यातून अंगठ्याच्या नखाएवढं एक फुगीर कवच अर्धं वर आलेलं आहे. बाकीचं अर्धं दगडात. हे काय आहे?

पहिला प्रश्न असतो तो शिंपला की ब्रॅकिओपॉड. दोघांनाही दोन झडपा असतात, दोघेही समुद्रात असतात, आणि दुरून दोघे सारखेच दिसतात. कृष्णाघाटावर पाणी ओसरलं की नदीतले शिंपले सापडतात. त्यातला एक हातात घेतला की फरक पटकन समजतो. शिंपल्याच्या दोन झडपा म्हणजे प्राण्याची डावी आणि उजवी बाजू. दोन्ही झडपा एकमेकींचं प्रतिबिंब असतात, पण एकच झडप घेतली तर तिच्या दोन बाजू सारख्या नसतात. चोच एका अंगाला झुकलेली, एक टोक आखूड आणि दुसरं लांब. ब्रॅकिओपॉडच्या झडपा वर-खाली असतात. त्या दोघी एकमेकींसारख्या नसतात. एक मोठी आणि दुसरी लहान. पण कोणतीही एक झडप घ्या, चोचीपासून समोरच्या कडेपर्यंत मधोमध रेघ ओढा, डावं-उजवं तंतोतंत जुळेल.

अर्धवट रुतलेल्या कवचाच्या बाबतीत हे फार सोयीचं ठरतं. एकच झडप दिसत असली तरी चालते. झडपेचा पाऊण भाग दिसत असला तरी चालतो. चोच दिसते आहे का ते पाहायचं, तिथून मधली रेघ मनात धरायची, आणि रेघेच्या दोन्ही अंगांच्या कंगोऱ्यांची, वाढीच्या वळ्यांची तुलना करायची. चोच दगडात असेल तर वाढीच्या वळ्या मदतीला येतात. त्या चोचीभोवती एकात एक अशा वाढत जातात, त्यामुळे त्यांच्या वळणावरून चोच कोणत्या बाजूला असेल याचा अंदाज बांधता येतो.

या नियमालाही अपवाद आहेत. पंख्याच्या आकाराच्या पेक्टेन जातीच्या शिंपल्याची एकेक झडप जवळजवळ समतोल दिसते. तिथं चोचीजवळचे लहान-मोठे कान पाहावे लागतात. कालवं तर कशीही वेडीवाकडी वाढतात. शिवाय खडकावर दाब आला की त्यातलं कवच तिरपं चेपलं जातं, आणि अस्सल ब्रॅकिओपॉडसुद्धा एकीकडे झुकलेला दिसतो. अशा वेळी त्याच दगडातली दुसरी कवचं पाहावीत. सगळी एकाच दिशेला तिरपी झाली असतील तर तो खडकावरच्या दाबाचा परिणाम समजावा. एकटंच कवच वाकडं असेल तर शंका त्या कवचावर घ्यावी.

आणखी एक खूण आहे, तिच्याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. कृष्णेच्या काठावर सापडणारे शिंपले बहुतेक उघडे किंवा सुटे का असतात? शिंपल्याच्या बिजागरीजवळ एक लवचिक बंध असतो. तो झडपा उघडायला बघतो आणि स्नायू त्या मिटून धरतात. प्राणी मेला की स्नायू सैल पडतात, बंध झडपा उघडतो, पाण्यानं त्या अलग होतात. ब्रॅकिओपॉडमध्ये असा बंध नसतो. झडपा मिटणं आणि उघडणं दोन्ही कामं स्नायूच करतात, आणि बहुतेक जातींत एका झडपेचे दात दुसरीच्या खाचेत घट्ट बसलेले असतात. प्राणी मेला तरी कवच बहुधा मिटलेलंच राहतं. म्हणून एखाद्या थरात दोन्ही झडपा मिटलेली, भरीव, फुगीर कवचं भरपूर दिसत असतील तर ब्रॅकिओपॉडची शक्यता वाढते. ही खूण पुरावा म्हणून एकटी पुरत नाही, पण बाकीच्या खुणांना बळ देते.

कवच कशाचं बनलेलं आहे, हेही पाहावं. बहुतेक ब्रॅकिओपॉडचं कवच कॅल्साइटचं असतं आणि कॅल्साइट खडकात टिकून राहतं. कित्येक शिंपल्यांचं कवच अॅरॅगोनाइटचं असतं. ते कालांतरानं विरघळून जातं आणि दगडात फक्त साचा उरतो. एकाच दगडात काही कवचं चकचकीत, थर दिसणारी आणि काहींच्या जागी नुसतं मातकट भरण असेल, तर त्यामागं हे कारण असू शकतं.

शिंपला नाही एवढं ठरलं की पुढचा टप्पा येतो: कोणता ब्रॅकिओपॉड? इथं चोचीच्या टोकाकडे भिंग न्यावं लागतं. मोठ्या झडपेच्या चोचीला बहुधा एक गोल छिद्र असतं. त्या छिद्रातून मांसल देठ बाहेर येई आणि प्राणी त्या देठानं खडकाला किंवा दुसऱ्या कवचाला धरून राही. हे छिद्र दिसलं की शंका जवळजवळ मिटते. ते लहान झडपेकडे झाकलेलं असेल किंवा गाळानं भरलेलं असेल तर बारीक सुईनं हळूहळू मोकळं करता येतं.

मग बिजागरीची रेषा. ती सरळ आणि कवचाइतकीच रुंद असेल, तर प्राणी स्पिरिफेरिड किंवा प्रॉडक्टिड अशा एखाद्या जुन्या गटातला असण्याची शक्यता मोठी. ती आखूड आणि वळलेली असेल तर रिंकोनेलिड किंवा टेरेब्राट्युलिड. या शेवटच्या दोघांत फरक करणं सुरुवात करणाऱ्यालाही जमतं. रिंकोनेलिड लहानसर, ठळक कंगोऱ्यांचे, आणि दोन झडपा जिथं मिटतात ती कड दातेरी. टेरेब्राट्युलिड बहुतांशी गुळगुळीत, लांबट, चोचीचं छिद्र मोठं. बाजूनं पाहिलं तर मातीच्या पणतीसारखे. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली आणखी एक खूण दिसते. टेरेब्राट्युलिडच्या कवचात सुईच्या टोकाहूनही बारीक असंख्य छिद्रं असतात, त्यामुळे पृष्ठभाग ठिपक्यांचा वाटतो. रिंकोनेलिडमध्ये सहसा ती नसतात. कवच ओलं करून तिरप्या उजेडात धरलं की हे ठिपके उठून दिसतात.

समोरची कड दिसत असेल तर तीही वाचावी. बऱ्याच ब्रॅकिओपॉडमध्ये एका झडपेच्या मध्यावर खोलगट पन्हळ असते आणि दुसरीच्या मध्यावर तेवढाच उंचवटा. दोन्ही मिळाल्या की कड मध्ये वर उचलल्यासारखी होते. सहसा पन्हळ देठाच्या झडपेवर आणि उंचवटा लहान झडपेवर असतो. म्हणजे दगडातून वर आलेली झडप कोणती, हे चोच न दिसताही काही वेळा सांगता येतं.

इतकं सगळं दगड न फोडता कळतं. लोकांची घाई मात्र नेमकी इथंच होते. सापडल्या सापडल्या हॅमर उगारायचा, छिन्नी लावायची, आणि कवच 'मोकळं' करायचं. कवच आणि चुनखडक दोन्ही कॅल्साइटचे असतील तर भेग कवचाच्या कडेनं जाईल याची काहीच खात्री नसते. ती बहुधा कवचातूनच जाते. त्याहून वाईट उपाय म्हणजे व्हिनेगर किंवा आम्ल. चुनखडक विरघळवणारं आम्ल त्यातलं कवचही त्याच वेगानं खातं. कंगोरे बोथट होतात, ठिपके जातात, छिद्राची कड जाते. ज्या खुणांवरून ओळख पटली असती त्याच नाहीशा होतात. हा उपाय घरी करू नये, असं स्पष्टपणे सांगायला हवं.

आम्ल उपयोगी पडतं ते एका विशेष परिस्थितीत. काही ठिकाणी कवचाचं कॅल्साइट हळूहळू निघून जाऊन त्याच्या जागी सिलिका येते. सिलिकेला आम्लाची बाधा होत नाही. अमेरिकेत पश्चिम टेक्सासच्या ग्लास पर्वतात असा चुनखडक आहे. स्मिथसोनियन संस्थेचे जी. आर्थर कूपर यांनी तिथला टनावारी दगड आणून आम्लात विरघळवला आणि काट्यांसकट अखंड कवचं मिळवली. कूपर आणि रिचर्ड ग्रँट यांचा त्यावरचा ग्रंथ १९७० च्या दशकात सहा खंडांत प्रसिद्ध झाला. प्रॉडक्टिड गटातले काही प्राणी किती विलक्षण आकाराचे होते, हे खऱ्या अर्थानं तिथं दिसलं. पण हा योग जगात थोड्याच खडकांना आला आहे.

बाकी ठिकाणी संयमानं काम करावं लागतं. द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली दगड ठेवायचा, पोलादी सुईनं किंवा हवेच्या दाबावर थरथरणाऱ्या टोकदार पेननं एकेक कण उडवायचा. ज्या खुणेची गरज आहे तेवढीच मोकळी करायची. चोच हवी तर चोच, समोरची कड हवी तर कड. पूर्ण कवच बाहेर काढणं हे बहुतेक वेळा आवश्यक नसतं, आणि संग्रहालयात आधार देणाऱ्या दगडासकट ठेवलेला नमुना अधिक काळ टिकतो.

बाहेरून ओळख पटवण्याला एक मर्यादा आहे, आणि ती मान्य करणं हा या विद्येतला सगळ्यात प्रामाणिक भाग आहे. ब्रॅकिओपॉडच्या निरनिराळ्या वंशांनी बाहेरचं रूप वारंवार सारखंच घेतलेलं आहे. दोन कवचं बाहेरून हुबेहूब दिसतात आणि आत पाहिलं तर त्यांचं नातं दूरचं निघतं. आतमध्ये या प्राण्याचं मुख्य अंग असे: अन्न गाळून घेणारा, बारीक तंतूंचा झुपका. तो धरायला काहींत चुन्याचा फासा असतो, काहींत सर्पिल, काहींत नुसत्या दोन लहान आकड्या. प्रजाती निश्चित करायची तर ही आतली रचना पाहावी लागते. त्यासाठी कवच एका दिशेनं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यानं घासत जायचं, प्रत्येक टप्प्यावर पृष्ठभागाला सौम्य आम्ल लावून त्यावर पातळ प्लास्टिकची पट्टी चिकटवून ठसा घ्यायचा, आणि त्या ठशांवरून आतला फासा कागदावर पुन्हा उभा करायचा. या कामात मूळ नमुना संपून जातो, म्हणून आधी छायाचित्रं आणि साचा करून ठेवतात. आता क्ष-किरणांचा सीटी स्कॅन हा पर्याय आहे. पण कवच आणि त्यातलं भरण दोन्ही कॅल्साइटचंच असेल तर चित्रात फरक फारसा उमटत नाही, आणि पुन्हा घासण्याकडे वळावं लागतं.

या सगळ्या मेहनतीचं मराठी माणसाच्या जवळचं उदाहरण माळव्यातलं आहे. धार जिल्ह्यातल्या बाग गावाचं नाव तिथल्या लेण्यांमुळं आपल्याला ठाऊक असतं. ती लेणी वालुकाश्मात खोदलेली आहेत, आणि त्या भागात चुनखडकाचेही थर आहेत. सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे दख्खनचा लाव्हा येण्याच्या बऱ्याच आधी, नर्मदेच्या खोऱ्यात पश्चिमेकडून समुद्र आत शिरला होता. त्याचा हा गाळ. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले प्रमथनाथ बोस यांनी १८८४ मध्ये या थरांची क्रमवार मांडणी केली. त्यांत वरच्या एका थराला त्यांनी प्रवाळांच्या चुनखडकाचं नाव दिलं. पुढं कळलं की त्यातले जीव प्रवाळ नसून ब्रायोझोआ नावाचे वेगळेच प्राणी आहेत. थरालाच चुकीची ओळख चिकटते, तर एका कवचाची काय कथा!

याच बाग थरांवर जी. डब्ल्यू. चिपळोणकर यांनी १९३० च्या दशकापासून काम केलं. समुद्री साळिंदर, शिंपले, अॅमोनाइट आणि ब्रॅकिओपॉड अशा एकेका गटावर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिले. १९३८ मध्ये बाग थरांतल्या रिंकोनेलिडांवरचा निबंध आला आणि त्यात त्यांनी एक नवी प्रजाती जगासमोर ठेवली: माल्विरिंकिया. माळव्याचं नाव तिच्यात कायमचं राहिलं, आणि ब्रॅकिओपॉडांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत ते नाव आजही चिपळोणकरांच्या नावासह छापलं जातं. चिपळोणकरांनी पुढं पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत काम केलं. तिथल्या सहकाऱ्यांबरोबर १९७७ मध्ये त्यांनी बाग थरांच्या प्राणिसृष्टीचा आणि वयाचा नव्यानं आढावा घेतला. म्हणजे चाळीस वर्षं तोच खडक, तीच कवचं. ब्रॅकिओपॉडवर काम करणाऱ्या मराठी शास्त्रज्ञाची एवढी चिकाटी शाळकरी मुलांच्या पुस्तकात यायला हवी होती.

कच्छ हा दुसरा मोठा ठेवा. जुमारा आणि हबो इथल्या घुमटाकार टेकड्यांतून ज्युरासिक समुद्राचे थर उघडे पडले आहेत. एफ. एल. किचिन यांनी १९०० मध्ये कच्छच्या ब्रॅकिओपॉडांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका' या मालेत तो निघाला. तिथल्या एका टेरेब्राट्युलिड प्रजातीचं नावच कुचिथायरिस. मध्य प्रदेशात उमरियाजवळ रेल्वेसाठी कापलेल्या दरडीत १९२० च्या दशकात समुद्री कवचांचा एक पातळ थर आढळला. एफ. आर. काउपर रीड यांनी १९२८ मध्ये त्यातल्या जीवाश्मांचं वर्णन केलं. त्यात प्रॉडक्टिड कवचं होती, आणि त्यांच्यामुळं एक गोष्ट पक्की झाली की पर्मियन काळाच्या सुरुवातीला समुद्राचं पाणी भारताच्या अगदी मध्यापर्यंत पोहोचलं होतं. थर लहान, कवचं ठेंगणी, पण एका खंडाचा नकाशा त्यांनी बदलला. दगडातलं कवच नेमकं कोणाचं हे ओळखण्याचा आग्रह का धरायचा, याचं याहून चांगलं कारण सापडणं कठीण.

ब्रॅकिओपॉड हे आज जगात थोडेच उरले आहेत. सुमारे चारशे जाती जिवंत आहेत. जीवाश्मरूपात बारा हजारांहून अधिक वर्णन झालेल्या आहेत. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी पर्मियन काळाच्या अखेरीस समुद्रातली बहुतेक जीवसृष्टी नाश पावली, तेव्हा त्यांचे मोठे गट गेले, आणि नंतर त्यांची जागा बहुतांशी शिंपल्यांनी घेतली. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर चिखलात बिळं करून राहणारा लिंग्युला हा त्यांतला आजही जिवंत असलेला.

मिरजेच्या परिसरात मात्र फसवे दगड भरपूर आहेत, त्यांचं नाव घ्यायलाच हवं. बेसॉल्टचा गोल दगड झिजला की त्याचे वक्र पापुद्रे एकावर एक सुटतात आणि मोठ्या कवचासारखे दिसतात. लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्यांत पांढरे झिओलाइट, कॅल्साइट आणि गारेचे स्फटिक भरतात. त्यांना पंख्यासारखे किरण असतात. काळ्या जमिनीत चुनखडीचे वेडेवाकडे खडे मिळतात. दगडाच्या भेगेत मँगेनीजचे काळे झुबके झाडाच्या पानांसारखे दिसतात. यांतल्या कशालाही चोच नसते, वाढीच्या वळ्या नसतात, मधल्या रेघेचा समतोल नसतो. तरीही दगड सुंदर असतात आणि ठेवण्यासारखे असतात. त्यांना जीवाश्म म्हणण्याची गरज नाही.

बाहेर कुठं अर्धवट रुतलेलं कवच दिसलं तर काय करावं, हे आता सांगणं सोपं आहे. आधी आहे तिथंच, बाजूला एखादं नाणं किंवा पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावं. वरून एक, चोचीकडून एक, समोरच्या कडेवरून एक. तिरप्या उन्हात घेतलेलं छायाचित्र सर्वांत उपयोगी. दगड कोणत्या थरातला, वर-खाली कोणते थर आहेत, हे वहीत लिहावं. गाव, ओढा, रस्ता, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत. खडकाच्या कड्यातून तोडून काढू नये. खाली पडलेला सुटा दगडही जागेची परवानगी आणि नियम पाहूनच उचलावा. राखीव किंवा संरक्षित क्षेत्रातून काहीही आणू नये. भूवारसा स्थळांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयानं डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला होता. कायदा असो वा नसो, नोंद नसलेलं कवच शास्त्राच्या कामाचं उरत नाही. बाजारात घासून, चकचकीत करून विकल्या जाणाऱ्या जीवाश्मांचं हेच होतं: वस्तू राहते, ती कुठली हे हरवतं.

ओळख सांगतानाही घाई करू नये. 'रिंकोनेलिड गटातला, देठाची झडप दिसते, चुनखडक ज्युरासिक' एवढं सांगता आलं तर ते उत्तम उत्तर आहे. पुढची प्रजाती तज्ज्ञांवर सोडावी. घरच्या दगडी लादीत कवचं दिसली तर तिचं छायाचित्र घेऊन दगड कुठल्या खाणीचा हे विक्रेत्याला विचारावं. ठिकाण कळलं की वय कळतं. दगड हाती असेल तर तो पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात किंवा आघारकर संशोधन संस्थेत दाखवावा. नेताना तो न फोडता, न घासता, चिठ्ठीसकट न्यावा.